व्हिक्टोरियन फ्रीक शो आणि त्यातले कलाकार
फ्रीक शो म्हणजे वेगळ्या शरीराची माणसं तिकीट लावून दाखवायचा धंदा, राणी व्हिक्टोरियाच्या काळात (1837 ते 1901) इंग्लंड-अमेरिकेत जोरात चालायचा. जत्रेत तंबू, नाहीतर शहरात एखादं रिकामं दुकान भाड्याने घ्यायचं, बाहेर भडक रंगवलेलं चित्र आणि ओरडून गिऱ्हाईक गोळा करणारा माणूस. थापाही भरपूर. 1842 मध्ये बार्नम या अमेरिकन शोवाल्याने चार्ल्स स्ट्रॅटनला 'जनरल टॉम थंब' म्हणून उभं केलं तेव्हा पोरगं पाच वर्षांचंही नव्हतं, जाहिरातीत अकरा सांगितलं, कारण एवढंसं पोर बुटकं असलं तर त्यात नवल काय!

सगळ्यात गाजलेला जोसेफ मेरिक, चेहरा-अंग वेडंवाकडं वाढलेला, म्हणून नाव 'एलिफंट मॅन'. दुष्ट शोवाल्याकडून देवमाणूस डॉक्टरने त्याला सोडवलं ही गोष्ट सगळ्यांना माहितीये, पण ती जरा जास्तच गोड आहे. मेरिक लेस्टरच्या वर्कहाऊसमध्ये (गरिबांना राबवून घेऊन ठेवायची जागा) चारेक वर्षं काढून वैतागला होता आणि 1884 मध्ये त्यानेच पत्र लिहून शोवाल्यांना गाठलं. लंडनला त्याचा शो टॉम नॉर्मनने लंडन हॉस्पिटलच्या समोरच्याच दुकानात लावला, आणि नॉर्मनच्या म्हणण्यानुसार कमाई निम्मी-निम्मी व्हायची. त्याच हॉस्पिटलातल्या डॉ. ट्रीव्ह्सने मेरिकला तपासायला नेलं, डॉक्टरमंडळींपुढे उघडं उभं केलं, तर नॉर्मन सांगतो की मेरिक परत तिथे जायलाच तयार नव्हता, गुरांच्या बाजारात असल्यासारखं वाटतं म्हणाला. अर्थात नॉर्मन स्वतःची बाजू मांडणारच. खरा दगा पुढे युरोपात झाला, तिथल्या मॅनेजरने मेरिकचे साठवलेले पन्नासेक पौंड लंपास केले, मग 1886 मध्ये परत येऊन मेरिक त्याच हॉस्पिटलात राहिला ते 1890 ला मरेपर्यंत. भेटायला लोक तिथेही यायचे, फक्त आता राजघराण्यातले.

सर्कशीतल्यांचे हाल वेगळ्या तऱ्हेचे. 'झाझेल' नावाची मुलगी 1877 मध्ये लंडनला तोफेतून उडायची, तोफ स्प्रिंगची होती पण पडणं खरंच होतं, पुढे एका अपघातात तिची पाठ मोडली.

मेक्सिकोच्या जूलिया पास्त्रानाची तर मेल्यावरही सुटका झाली नाही. अंगभर केस म्हणून तिला दाखवायचे, मॅनेजरच नवरा. 1860 मध्ये मॉस्कोत बाळंतपणानंतर ती गेली, बाळही गेलं, तर या माणसाने दोघांच्या ममी करून शो चालूच ठेवला! तिचं दफन झालं थेट 2013 मध्ये.

याउलट सयामी जुळे (जन्मतःच शरीरं जोडलेले भाऊ) चँग आणि एंग यांनी 1832 मध्ये मॅनेजरला रामराम ठोकून धंदा स्वतःच्या हातात घेतला, नॉर्थ कॅरोलिनात जमीन घेतली, दोन बहिणींशी लग्नं केली, दोघांना मिळून वीसेक पोरं झाली. शेतावर राबायला गुलामही विकत घेतले होते.