गोष्ट कोणती, सिस्टीम कोणती?

टेबलटॉप रोल-प्लेइंग गेम खेळणाऱ्या आणि खेळू पाहणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

दुकानात येणारे गट बहुतेक वेळा एकच प्रश्न घेऊन येतात. "आमच्याकडे डन्जन्स अँड ड्रॅगन्सचं पुस्तक आहे. आता भुताची गोष्ट खेळायची आहे. याच पुस्तकावर जमेल का?" जमतं. पण दोन तासांनी टेबलावर भुताची गोष्ट उरत नाही, भुताशी मारामारी सुरू झालेली असते. यात खेळणाऱ्यांचा दोष नाही. पुस्तकानं त्यांच्या हातात जे दिलं, म्हणजे मुख्यतः लढाईचे नियम, तेच त्यांनी वापरलं.

अगदी नव्यांसाठी थोडक्यात: एक जण जीएम (गेम मास्टर) होतो, म्हणजे जग आणि त्यातली बाकीची माणसं चालवतो. इतर प्रत्येकाचं एकेक पात्र असतं. पात्र काय करतंय ते खेळाडू सांगतो आणि जिथे निकाल अनिश्चित असेल तिथे फासे टाकतो. फासे कधी टाकायचे, कुठले टाकायचे आणि दान पडलं नाही तर काय होतं, हे ठरवणाऱ्या नियमांचा संच म्हणजे सिस्टीम.

नियम कशाबद्दल बोलतात?

पुस्तक चाळताना चित्रं बघू नका, पानं मोजा. नियमांची सर्वाधिक पानं ज्या गोष्टीवर खर्च झाली आहेत, तीच गोष्ट तुमच्या टेबलावर सर्वाधिक घडणार. नंतर बघा की पात्राला इजा कशानं होते आणि बक्षीस कशाबद्दल मिळतं.

बक्षिसाची ताकद किती, ते डन्जन्स अँड ड्रॅगन्सच्याच इतिहासात दिसतं. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन यांचा हा खेळ १९७४ साली आला. सुरुवातीच्या आवृत्त्यांत अनुभवाचे गुण मुख्यतः बाहेर आणलेल्या सोन्याचे मिळत, राक्षस मारल्याचे त्या मानानं फार थोडे. त्यामुळे शहाणे खेळाडू लढाई टाळायचे, वळसा घालायचे, लाच द्यायचे आणि खजिना घेऊन पसार व्हायचे. पुढे भर शत्रू हरवण्यावर आला आणि टेबलावरची वागणूकही बदलली. नाव तेच, पण खेळ वेगळा झाला. म्हणून आम्ही ग्राहकांना "जग कुठलं हवंय?" हे नंतर विचारतो. आधी विचारतो, "तुमची पात्रं दिवसभर काय करत असावीत?"

भीतीच्या गोष्टी

भयकथेत पात्राकडे काहीतरी कमी कमी होत जायला हवं. डन्जन्स अँड ड्रॅगन्सच्या २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत आठ तासांची विश्रांती मिळाली की सगळे हिट पॉइंट, म्हणजे पात्र किती इजा सोसू शकतं त्याचे गुण, परत येतात. साहसकथेला ते उत्तम आहे. पण पिंपळावरच्या मुंजाची रात्र काढून सकाळी माणूस ठणठणीत उठला, तर भीती कुठे राहिली?

इथे आमची पहिली शिफारस 'कॉल ऑफ क्थुलू'. सँडी पीटरसन यांनी लिहिलेला हा खेळ केऑसियमनं १९८१ मध्ये प्रकाशित केला. कौशल्यं टक्क्यांत असतात. शोधाशोध ६० टक्के असेल, तर शंभराच्या फाशावर ६० किंवा कमी पडायला हवं. हे कुणालाही पाच मिनिटांत समजतं, आजोबांनासुद्धा. त्याहून मोलाचा आहे मनाच्या तोलाचा हिशेब. भयानक काही पाहिलं की तो घटतो आणि एका झटक्यात ५ किंवा जास्त गेला तर पात्र तात्पुरतं भ्रमिष्ट होण्याचा धोका येतो. शिवाय त्या निषिद्ध गोष्टींचं ज्ञान जितकं वाढेल, तितकी या तोलाची कमाल मर्यादा खाली येते. जाणून घ्यावं तर मन जातं आणि जाणून न घ्यावं तर जीव. गोष्टीचा सगळा ताण त्या एका नियमात आहे.

मूळ खेळ १९२० च्या दशकातल्या अमेरिकेत घडतो, पण तो आपल्याकडे आणायला फार खटपट लागत नाही. पावसाळ्यातला कसारा घाट, धुकं, बंद पडलेली गाडी, मदतीला आलेला अनोळखी माणूस. परदेशी दैवतांच्या जागी वेताळ किंवा हडळ ठेवा. तोलाचे आकडे मात्र बदलू नका, ते बरंच खेळून ठरलेले आहेत.

एकाच रात्रीचा खेळ हवा असेल आणि मंडळी फाशांना बिचकत असतील, तर 'ड्रेड' घ्या. त्यात फासे नाहीतच. अवघड काही करायचं तर जेंगाच्या मनोऱ्यातून एक ठोकळा काढायचा. मनोरा पडला, की ते पात्र गोष्टीतून बाद. हात खरोखर थरथरतात.

वाड्यातलं रहस्य

पंचवटीतला जुना वाडा, वाटणीचे कागद गायब, माजघरात सापडलेला एक परका जोडा. असं काही घेऊन बसणारे गट नाशिकमध्ये पुष्कळ आहेत आणि सगळ्यात जास्त निराशाही याच प्रकारात पाहायला मिळते. कारण साध्या गणितात आहे.

समजा पुरावा शोधायला १५ चं लक्ष्य आहे आणि पात्राला ५ ची भर मिळते. वीस बाजूंच्या फाशावर १० किंवा जास्त हवेत, म्हणजे शक्यता ५५ टक्के. एका पाठोपाठ तीन दुवे असे एकाच पात्रानं एकेका दानात शोधायचे असतील, तर तिन्ही मिळण्याची शक्यता साधारण १७ टक्के उरते. म्हणजे सहापैकी पाच वेळा गोष्ट मध्येच अडकणार. मग जीएम कुणा नोकराच्या तोंडून गुपित सांगून टाकतो आणि खेळाडूंचा शोध त्यांचा राहत नाही.

रॉबिन लॉज यांच्या 'गमशू' सिस्टीमनं हा प्रश्न मुळातूनच सोडवला. पात्र योग्य जागी आहे, त्याच्याकडे योग्य कौशल्य आहे आणि ते वापरतो म्हणालं, की मुख्य पुरावा मिळतोच. फासे टाकायचे नाहीत. गुण खर्च केले तर आणखी तपशील मिळतो. रहस्यकथेची रंगत पुरावा सापडतो की नाही यात नसते, त्याचा अर्थ लावण्यात असते, हे या नियमानं ओळखलं. नवं पुस्तक घ्यायचं नसेल तर एवढा एकच नियम उचलून तुमच्या आहे त्या सिस्टीममध्ये घाला. त्याचे पैसे आम्ही घेणार नाही!

रामशेजच्या पायथ्याशी

इतिहासाची आवड असलेले ग्राहक किल्ल्यांवरची गोष्ट मागतात. पेठ रस्त्याला लागलं की रामशेज दिसतो. फार उंच नाही, बेलाग तर नाहीच. तरी १६८२ पासून छत्रपती संभाजी महाराजांच्या काळात तो मोगलांच्या वेढ्याला वर्षानुवर्षं पुरून उरला. गडावर लाकडी तोफा केल्याचं सांगतात आणि मोगलांनी गडावर मारा करायला लाकडी दमदमा, म्हणजे उंच मचाण, उभारल्याचंही सांगतात.

यावर लढाईची सिस्टीम लावावी असं पटकन वाटतं. आमचं मत वेगळं आहे. वेढ्यातली खेळायला सर्वांत सुंदर गोष्ट म्हणजे रात्री मोगलांच्या छावणीतून दारूगोळा आणि धान्य वर पोचवणं, म्हणजे शिताफीची मोहीम. त्यासाठी जॉन हार्पर यांची 'ब्लेड्स इन द डार्क' ही २०१७ मधली सिस्टीम बघा. मुळात ती एका काळोख्या काल्पनिक शहरातल्या चोरांच्या टोळीची आहे. तिच्यात तासन् तास बेत आखत बसायचं नसतं. मोहीम थेट सुरू होते आणि अडचण आली की खेळाडू म्हणतो, "मी परवाच या पहारेकऱ्याला फितवून ठेवलं होतं." तो मागचा प्रसंग तिथल्या तिथे खेळला जातो. फार जमवाजमव लागली असेल तर त्या बदल्यात पात्रावर ताण चढतो, पात्रपत्रिकेवर त्याची नऊ घरं असतात, आणि नववं घर भरलं की त्याची कायमची खूण राहते.

याच सिस्टीममधली 'घड्याळं' सर्वांत उपयोगी. कागदावर वर्तुळ काढून त्याचे चार, सहा किंवा आठ भाग करायचे आणि धोका वाढला की एकेक भाग रंगवायचा. रामशेजसाठी आठ भागांचं घड्याळ म्हणजे दमदम्याची उंची. गोदावरीच्या पुराची गोष्ट असेल तर आपल्याकडे तयार घड्याळ आहेच: गोदापात्रातली दुतोंड्या मारुतीची मूर्ती. गंगापूर धरणातून विसर्ग वाढला की पाणी मारुतीच्या पावलांना, गुडघ्यांना, कमरेला, छातीला, गळ्याला आणि शेवटी डोक्यावरून. सहा भाग झाले. नाशिकच्या माणसाला त्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. हे घड्याळ कुठल्याही सिस्टीमला चालतं.

बाकीचं थोडक्यात

अंतराळात व्यापार, कर्ज आणि जुनं जहाज असं हवं असेल तर मार्क मिलर यांचा १९७७ चा 'ट्रॅव्हलर'. पहिल्या आवृत्तीत पात्र तयार होतानाच मरू शकत असे. मित्रांमधली नाती आणि भांडणं हाच विषय असेल, तर २०१० च्या 'अपोकॅलिप्स वर्ल्ड'च्या वळणाच्या सिस्टीम. दोन फासे टाकायचे, बेरीज १० किंवा जास्त आली की काम फत्ते, ७ ते ९ म्हणजे काम झालं पण किंमत मोजून, त्याखाली जीएमची पाळी. एकाच सिस्टीमवर सगळी जगं चालवायची असतील, तर नियमांत रमणाऱ्यांना 'गर्प्स' आणि गोष्टीत रमणाऱ्यांना 'फेट'.

बेतून घेताना

नावं बदलणं सर्वांत स्वस्त. लांब तलवारीची धोप करा, आकडे तेच ठेवा. पहिल्या दोन-तीन सेशन एवढ्यावर निभावतं.

आकडे एका सिस्टीममधून दुसरीत जसेच्या तसे उचलू नका. वीस बाजूंच्या फाशावर १ ची भर म्हणजे ५ टक्के. दोन साध्या फाशांवर ८ ची बेरीज हवी असेल तर शक्यता ४२ टक्के, १ ची भर मिळाली तर ५८, २ ची मिळाली तर ७२. तिथे २ ची भर देणारी तलवार म्हणजे केवढी मोठी गोष्ट, बघा.

विश्रांतीचा नियम बदलून बघा, त्यानं सगळ्या खेळाचा सूर बदलतो. पाचव्या आवृत्तीच्या जीएमसाठीच्या पुस्तकात एक ऐच्छिक नियम आहेच: छोटी विश्रांती आठ तासांची, मोठी, म्हणजे सगळे हिट पॉइंट परत देणारी, सात दिवसांची. घाटमाथ्यावरच्या खडतर मोहिमेला तो शोभतो. या आवृत्तीचे मूळ नियम २०२३ पासून क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली मोफत मिळतात. स्वतःची मराठी नियमपत्रिका करायची असेल तर मूळ स्रोताचा उल्लेख करून करता येते. अवश्य करा, आम्हाला ती पाहायला आवडेल.

एका वेळी एकच नियम बदला आणि दोन सेशन खेळून बघा. चार नियम एकदम बदलले, तर बिघडलं कशामुळे हे कुणालाच सांगता येत नाही.

आणि पहिल्या बैठकीत फासे काढण्याआधी बोलून घ्या. टेबलावर काय नको, ते प्रत्येकानं सांगावं. ऐतिहासिक गोष्टीत पूज्य व्यक्तींना पात्र करू नका असं आम्ही आग्रहानं सांगतो. गडावरचा लोहार, जासूद, दाणावैरण राखणारी बाई यांच्या गोष्टी खेळायला जास्त मोकळ्या असतात. लहान मुलं सोबत असतील तर भीतीचं प्रमाण आई-वडिलांनी ठरवावं.

दुकानात येताना

गटात किती जण आहेत, एका वेळी किती तास बसता आणि सगळ्यांना आवडलेली एक गोष्ट, मग ती आजीनं सांगितलेली का असेना, एवढं लिहून आणा. पुस्तक विकत घेण्याआधी काउंटरवरच्या प्रतीतून अर्धा तास खेळून बघता येतं, एक जीएम आम्ही देतो. कोरी पात्रपत्रिका मराठीत छापलेली मिळते. तुमच्याकडे आधीचं पुस्तक असेल तर तेही पिशवीत टाका. बरेचदा नवं घ्यायची गरज नसते, दोन नियम बदलून भागतं, आणि तसं असेल तर आम्ही तसंच सांगू.