यीस्ट धुणं आणि विसळणं: एका जुन्या वादाची पार्श्वभूमी

बिअरच्या मागच्या बॅचचा फेस किंवा तळाचा साका, म्हणजे बिअर आंबवणारं यीस्ट, पुढच्या बॅचला लावायचा, ही रीत विरजणासारखीच जुनी आहे. तो साका पुन्हा वापरण्याआधी पाण्याने साफ करायचा की तसाच ठेवायचा, हा वाद. बव्हेरियाच्या १५१६ च्या बिअरच्या नियमात पाणी, बार्ली आणि हॉप्स (कडवटपणा देणारी फुलं) एवढंच लिहिलं आहे, यीस्टचं नावही नाही. १८८३ मध्ये कोपनहेगनच्या एका ब्रुअरीच्या प्रयोगशाळेत एका पेशीपासून शुद्ध यीस्ट वाढवलं गेलं, तेव्हा कुठे ‘निवड’ शब्दाला अर्थ आला.

घरी बिअर करणाऱ्यांपर्यंत ती निवड पोचायला शंभर वर्षं गेली. ब्रिटनमध्ये १९६३ ला परवान्याची अट गेली, अमेरिकेत १९७८ च्या केंद्रीय कायद्याने मुभा दिली. पण माल्टच्या (मोड आणलेल्या बार्लीच्या अर्काच्या) डब्याच्या झाकणाखाली जे कोरडं पाकीट मिळे, तेच बहुतेकांचं यीस्ट. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात द्रव यीस्ट आलं. ते महाग, म्हणून साका जपून ठेवणं वाढलं. महाराष्ट्रात परवान्याशिवाय घरी बिअर करणं १९४९ च्या दारूबंदी कायद्याने गुन्हा आहे, त्यामुळे मराठी माणसाने हा छंद करायचा तो बहुधा परदेशातच.

खरा गोंधळ ‘यीस्ट धुणं’ या शब्दाचा. ब्रुअरीत धुणं म्हणजे थंडगार यीस्टमध्ये फॉस्फोरिक आम्ल घालून पीएच २ च्या आसपास आणायचा, तासा-दोन तासांत बॅक्टेरिया मारायचे आणि लगेच वापरायचं. घरी त्याच नावाखाली वेगळंच होतं. बरणीत उकळून गार केलेलं पाणी घालायचं, हलवायचं, वीसेक मिनिटं ठेवायचं. तपकिरी गाळ खाली बसतो, वरचा सायीच्या रंगाचा थर दुसऱ्या बरणीत ओतून घ्यायचा. यात एकही बॅक्टेरिया मरत नाही. मराठीत याला सरळ ‘विसळणं’ म्हणता येतं, आणि तोच शब्द बरोबर आहे.

विसळण्याने नुकसानही होतं. साक्यावरच्या बिअरमधला अल्कोहोल आणि आंबटपणा हीच त्याची राखण; पाणी घातलं की दोन्ही पातळ होतात. त्यात वरचा थर घेताना पटकन तळाला बसणाऱ्या पेशी गाळाबरोबर फेकल्या जातात. असं चार-पाच वेळा केलं, की बिअर निवळायला वेळ लागू लागतो आणि दोष यीस्टच्या जातीवर येतो. गेल्या काही वर्षांत बरेच जण साका बिअरसकट, झाकण सैल ठेवून फ्रिजमध्ये ठेवतात. माझ्या मते हेच योग्य.

२०१० च्या दशकात पश्चिम नॉर्वेच्या शेतघरांतलं क्वाइक जगभर गेलं. ३० ते ४० अंशांत आंबणारं हे यीस्ट तिथे लाकडी कड्यांवर वाळवून ठेवत. कुठे ते फेसातून काढत, कुठे तळातून, आणि ते कुठून काढायचं हे घराघरात ठरलेलं असे.