वारा पडल्यावर शीड फुगवायचं की ताणायचं?

वारा मंदावला की शीड सैल सोडा, त्याचं पोट मोठं होऊ द्या, म्हणजे आहे तेवढा वारा त्यात मावेल, हा सल्ला शिडाच्या बोटींवर सर्रास ऐकू येतो. सहा-सात नॉटच्या वाऱ्यात तो बऱ्यापैकी लागूही पडतो. (एक नॉट म्हणजे ताशी १.८५२ किलोमीटर.) पण वारा तीन नॉटच्या आसपास उतरला की हाच सल्ला बोटीला जागीच खिळवतो.

मुळात शिडात वारा 'मावत' नाही. वाऱ्याच्या तिरक्या दिशेने जाताना शीड विमानाच्या पंखासारखं काम करतं. हवा त्याच्या दोन्ही अंगांनी वाहते आणि फुगीर अंगावरचा दाब कमी होतो. बोट पुढे जाते ती मुख्यतः या दाबाच्या फरकामुळे. हे बल वाऱ्याच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असतं. पंधरा नॉटचा वारा तीनवर आला तर वेग पाचपटीने घटतो, पण बल पंचविसाव्या हिश्श्यावर येतं. मग उरलेलं दवडून कसं चालेल?

आता खरी गंमत. फुगीर अंगावरून जाणारी हवा आधी वेग घेते. सर्वांत खोल भाग ओलांडला की मागच्या कडेकडे जाताना दाब पुन्हा वाढू लागतो, आणि हवेला त्या वाढत्या दाबाविरुद्ध पुढे जावं लागतं. कापडाला खेटून वाहणारा पातळ थर घर्षणाने आधीच दमलेला असतो. लुडविग प्रांट्ल यांनी १९०४ मध्ये या थराची, म्हणजे सीमास्तराची, कल्पना मांडली. जोराच्या वाऱ्यात हा थर खळबळलेला असतो. ती खळबळ बाहेरची वेगवान हवा सतत आत आणते आणि दमलेल्या थराला रेटा मिळत राहतो. मंद वाऱ्यात थर शांत, पापुद्र्या-पापुद्र्याने वाहतो. वरून मदत येत नाही. चढावर पायडल थांबवलेल्या सायकलीसारखी कापडालगतची हवा थबकते, उलटी फिरते आणि संपूर्ण प्रवाह शिडापासून सुटतो. त्यामागे उरतात नुसते भोवरे.

याचं मोजमाप म्हणजे रेनॉल्ड्स अंक: वेग गुणिले शिडाची रुंदी, भागिले हवेची गतिज श्यानता (म्हणजे घनतेच्या मानाने तिचा चिकटपणा). तीन मीटर रुंदीच्या शिडासाठी तीन नॉटला हा अंक साधारण तीन लाख येतो, पंधरा नॉटला पंधरा लाख. अंक लहान असेल तर प्रवाह सुटण्याची भीती जास्त. आणि वक्रता जितकी खोल, तितकी दाबाची वाढ तीव्र. म्हणून अगदी मंद वाऱ्यात शीड थोडं चपटं हवं. वारा पाच-सहा नॉटवर गेला की मग त्याला पोट द्यावं.

चपटं करायचं कसं? बूमवरची, म्हणजे शिडाखालच्या आडव्या दांड्यावरची, तळकड मागे ताणून. काही बोटींवर मागची तार जराशी आवळून डोलकाठीला किंचित बाक देतात. मधला भाग पुढे सरकतो आणि शिडाची खोली कमी होते. पुढच्या कडेचा दोर मात्र आवळायचा नाही. बारीक सुरकुत्या दिसल्या तरी चालतील.

दुसरी अडचण बूमच्या वजनाची. वारा नसताना तेच वजन मागची कड खाली ओढतं आणि वरच्या भागातून हवा निसटूच देत नाही. पाण्यालगतचा वारा वरच्यापेक्षा मंद असल्याने शिडाला वर जाताना थोडा पीळ लागतो, म्हणजे वरचा भाग खालच्यापेक्षा जरा बाहेर उघडलेला लागतो. तो हवा असेल तर बूम वरच्या दोराने उचलून धरा. मागच्या कडेला लावलेल्या लोकरीच्या धाग्यांकडे पाहा. वरचा धागा सतत शिडामागे वळत असेल तर पीळ अजून कमी आहे. वारा यावा म्हणून शिट्टी वाजवणारे, डोलकाठीवर नखं ओढणारे, समुद्रात नाणी टाकणारे खलाशी सगळीकडे भेटतात. वारा कधी ना कधी येतोच, त्यामुळे त्यांचा विश्वास अबाधित राहतो. धाग्याला फुंकर कळते, आणि तो फुकट मिळतो.

पाण्याखालचा भागही विसरू नका. कमी वेगात बोट लाटा जवळपास उठवतच नाही, बहुतेक विरोध पृष्ठघर्षणाचा असतो. शेवाळलेला तळ कुठल्याही महागड्या शिडाची कमाई खाऊन टाकतो. माणसं वाऱ्याआडच्या बाजूला बसवून बोट किंचित कलती केली की अनेक बोटींचा भिजणारा पृष्ठभाग घटतो, आणि शीड स्वतःच्या वजनाने आकारात लटकतं.

नवं शीड घ्यायचंच असेल तर 'कोड झिरो'. १९९७-९८ च्या व्हिटब्रेड जगप्रदक्षिणा शर्यतीत पॉल केयार्ड यांच्या 'ईएफ लँग्वेज' बोटीने ते गाजवलं आणि शर्यतही जिंकली. मोजणीच्या नियमात ते स्पिनेकर (वारा मागून असताना लावायचं मोठं फुगीर शीड) ठरावं इतकं मध्यभागी रुंद, पण वाऱ्याकडे तिरकं जाता येईल इतकं चपटं. त्याचं हलकं कापड मंद वाऱ्यासाठीच असतं. वारा वाढला की ते वेळीच गुंडाळा, नाहीतर कापड ताणून त्याचा आकार कायमचा बिघडतो.