पंख्याच्या विमानाकडून जेटकडे: ओझरहून काय परवडते?

नाशिकची विमानसेवा जेटवर कधी जाणार, हा विषय निघाला की गाडी हमखास धावपट्टीवर येऊन थांबते. खरे तर तो मुद्दा दोन मिनिटांत संपतो. नाशिकचा विमानतळ ओझरला आहे, आणि तिथली धावपट्टी ३,००० मीटर लांब आणि ४५ मीटर रुंद आहे. विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर आहे. मे महिन्यात पारा ३८ अंशांवर गेला की हवा इतकी विरळ होते, की पंखांना आणि इंजिनांना ती साधारण १,६०० मीटर उंचीवरच्या हवेसारखी लागते. उचल कमी, जोर कमी, म्हणून धाव लांबते. तरीही ३,००० मीटरमध्ये एअरबस ए३२० किंवा बोईंग ७३७ आरामात उठते. जेट एअरवेजचे ७३७ २०१८ मध्ये इथूनच दिल्लीला जात होते. एखाद्या प्रादेशिक कंपनीची कसोटी लागते ती अंतर, आसने आणि विमानांची संख्या या तीन ठिकाणी.

आधी विमान समजून घेऊ. एटीआर ७२ हे टर्बोप्रॉप म्हणजे पंख्याचे विमान. त्याला जुन्या काळातले समजू नये, त्याच्याही पोटात गॅस टर्बाइनच असते. फरक हवा ढकलण्याच्या पद्धतीत आहे. पुढे जाण्याचा जोर हवेला दिलेल्या वेगाच्या प्रमाणात मिळतो, पण त्यासाठी लागणारी ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. त्यामुळे थोडी हवा जोरात फेकण्यापेक्षा पुष्कळ हवा हळू ढकलणे स्वस्त पडते. एटीआरचा सहा पात्यांचा पंखा ३.९३ मीटर व्यासाचा आहे. ए३२०च्या नव्या आवृत्तीच्या, म्हणजे निओच्या, इंजिनातला पंखा साधारण दोन मीटरचा असतो.

मग सगळीच विमाने पंख्याची का नाहीत? उत्तर पात्याच्या टोकाशी आहे. उड्डाणात एटीआरचा पंखा मिनिटाला सुमारे ९८० फेरे घेतो, म्हणजे टोक सेकंदाला २०० मीटरच्या आसपास वेगाने फिरते. त्यात विमानाचा स्वतःचा वेग, ताशी ५१० किलोमीटर, मिळवायचा. दोन्ही वेग काटकोनात असल्याने बेरीज सेकंदाला सुमारे २४७ मीटर येते. वीस हजार फुटांवर ध्वनीचा वेग ३१६ मीटर असतो, तेव्हा अजून जागा आहे. आता हेच विमान जेटच्या वेगाने, ताशी ८३० किलोमीटरने पळवले, तर टोकाचा वेग ३०७ मीटरवर जातो. तिथे पात्यावर आघाततरंग उठू लागतात, कंप आणि आवाज वाढतो आणि कार्यक्षमता कोसळते. जेटच्या इंजिनाभोवतीचे आवरण हवा आत घेतानाच तिचा वेग कमी करते, म्हणून त्याचा पंखा या वेगातही नीट काम करतो.

आता हे गणित नाशिकच्या नकाशावर मांडू. ओझर ते अहमदाबाद सरळ रेषेत साधारण ३५० किलोमीटर. जेटला ३५,००० फुटांवर चढायला सुमारे २०० किलोमीटर लागतात आणि उतरायलाही जवळपास तितकेच. म्हणजे अहमदाबादच्या वाटेवर जेट आपल्या सोयीच्या उंचीवर पोचतच नाही. जाड हवेत इंधन जाळत जाते आणि लगेच उतरायला लागते. एटीआरला साधारण ६५ मिनिटे, जेटला ५५. दहा मिनिटांसाठी एवढा खर्च व्यर्थ आहे. दिल्ली मात्र सुमारे १,००० किलोमीटर. तिथे एटीआरला सव्वादोन तासांहून अधिक लागतात आणि जेट पावणेदोन तासांत पोचते. दर फेरीला अर्ध्या तासाहून अधिक वेळ वाचला, तर तेच विमान दिवसाअखेर आणखी एक फेरी मारते. बेंगळुरू ८७० किलोमीटरच्या आसपास, तेही जेटच्या बाजूचे. हैदराबाद आणि नागपूर साडेपाचशे-पावणेसहाशे किलोमीटरवर, आणि माझ्या मते ती दोन्ही पंख्याचीच गावे आहेत.

लहान अंतरांचा आणखी एक तोटा तिकिटात दिसत नाही. जेट इंजिनातल्या फिरणाऱ्या चकत्यांचे आयुष्य तासांत नव्हे, उड्डाणांच्या संख्येत मोजतात. दर उड्डाणाला इंजिन तापते, थंडावते, आणि धातू थकतो. दिवसाला दोन लांब फेऱ्यांऐवजी सहा आखूड फेऱ्या केल्या, तर त्या महागड्या चकत्या तिप्पट वेगाने संपतात.

आसनांचा हिशेब याहून कठोर आहे. १८० आसनांच्या ए३२०ची दिल्लीला रोज एक जा-ये म्हणजे दिवसाला ३६० आणि वर्षाला सुमारे १ लाख ३१ हजार आसने. ७० आसनांच्या एटीआरला ५१ हजारच भरायची असतात. दर आसनामागे ए३२० निओ इंधन फारसे जास्त जाळत नाही, हजार किलोमीटरवर दोन्ही जवळपास बरोबरीत येतात. पण ही बरोबरी आसने भरली तरच. अर्धे रिकामे गेले तरी भाडे, वैमानिक आणि इंजिनाची झीज तेवढीच. शिवाय मुंबईचा विमानतळ रस्त्याने पावणेदोनशे किलोमीटरच्या आत आहे, शिर्डी त्याहून जवळ, आणि जून २०२५ पासून समृद्धी महामार्ग इगतपुरीहून खाली भिवंडीजवळच्या आमणेपर्यंत पूर्ण झाला आहे. कसारा घाटातली कोंडी ही ओझरची जमेची बाजू होती, ती आता बरीच कमी झाली.

मधला मार्ग म्हणजे लहान जेट. मूळ कोल्हापूरच्या घोडावत समूहाची स्टार एअर ५० आसनांच्या एम्ब्रेअर १४५ वरून ७६ आसनांच्या एम्ब्रेअर १७५ वर गेली, तो हाच. हे विमान ४० टनांच्या आत बसते, आणि नियमित सेवेतल्या अशा हलक्या विमानांच्या इंधनावर राज्याचा कर ५ टक्क्यांच्या वर जात नाही. आसने भरणेही सोपे. पण दर आसनामागे ते इंधन मोठ्या जेटच्या जवळपास दुप्पट पिते. म्हणून तिकीट महाग ठेवूनही प्रवासी येतील अशाच मार्गावर ते टिकते.

घोळ होतो तो बहुतेक वेळा पहिल्या दोन जेटवर. प्रत्येक विमानामागे वैमानिकांच्या पाच-सहा जोड्या लागतात. एटीआरच्या वैमानिकाला जेटवर आणायचे म्हणजे वर्ग, सिम्युलेटर, प्रत्यक्ष उड्डाणे आणि मग देखरेखीखालच्या फेऱ्या, यात काही महिने जातात. तोवर तो एटीआरवर मिळत नाही आणि पगार चालूच असतो. अभियंत्यांनाही त्या प्रकारच्या विमानाचा स्वतंत्र परवाना हवा. कंपनीच्या परवान्यावर विमानाचा नवा प्रकार चढवण्याआधी डीजीसीएला, म्हणजे नागरी विमान वाहतुकीच्या नियामकाला, प्रात्यक्षिक उड्डाणे दाखवावी लागतात. एवढे करून ताफ्यात दोनच जेट असतील आणि एक सुट्या भागावाचून उभे राहिले, तर निम्मे वेळापत्रक रद्द. भाडे डॉलरमध्ये, कमाई रुपयांत. विजयवाड्याच्या एअर कोस्टाने २०१३ मध्ये ६७ आसनी एम्ब्रेअर १७० ने सुरुवात केली, पुढे ११२ आसनी १९० आणली, ताफा हाताच्या बोटांवर मोजण्याइतकाच राहिला आणि फेब्रुवारी २०१७ मध्ये सेवा थांबली. चार-पाच एकसारखी जेट आणि राखीव इंजिनाचा करार एकदम जमत नसेल, तर सुरुवातच करू नये, असे मला ठामपणे वाटते. सुट्या भागांच्या आणि दुरुस्तीच्या बाबतीत नाशिकला एक आशा आहे: ए३२० कुटुंबातल्या विमानांच्या देखभालीसाठी एअरबस आणि हिंदुस्तान एरोनॉटिक्स (एचएएल) यांनी २०२३ मध्ये नाशिकसाठीच करार केला.

दुसऱ्या टोकाचा विमानतळही पाहावा लागतो. जेटला उतरण्यासाठी लागणारे अंतर धावपट्टीच्या ६० टक्क्यांत बसावे लागते, टर्बोप्रॉपला ७० टक्क्यांची मुभा असते. धावपट्टी ओली असेल तर त्या अंतरावर आणखी १५ टक्के धरायचे. ओझरला हे सहज जमते. १,७०० मीटरच्या धावपट्टीवर पावसाळ्यात जेटच्या हाती ८९० मीटरसुद्धा उरत नाहीत. अग्निशमनाचेही तसेच. २७ मीटर लांबीच्या एटीआरला पाचवी श्रेणी पुरते, ३७ मीटरच्या ए३२०ला सहावी लागते, आणि बंबांमधले पाणी ५,४०० लिटरवरून ७,९०० लिटरवर न्यावे लागते.

२०२७ चा सिंहस्थ जवळ आला आहे, त्यामुळे जेटची मागणी वाढणारच. पण मुख्य पर्वण्या ऑगस्ट-सप्टेंबरमधल्या, आणि विमानाचा भाडेकरार सहा-आठ वर्षांचा. त्या गर्दीसाठी वैमानिक, देखभाल आणि विम्यासकट तीन-चार महिन्यांपुरते जेट भाड्याने घ्यावे, दिल्ली आणि बेंगळुरूला लावावे, आणि ऑक्टोबरमध्ये किती आसने भरतात ते मोजावे.