बेअरिंग का तापतं आणि हे दुखणं किती जुनं आहे

आमचे बाबा रेल्वे वर्कशॉपात फिटर होते, परळला चाळीत राहायचो आम्ही. ते सांगायचे, गाडी थांबली की खलाशी प्रत्येक ॲक्सल बॉक्सला (चाकाच्या दांड्याच्या, म्हणजे ॲक्सलच्या, टोकाशी असलेल्या बेअरिंगच्या पेटीला) हाताची मागची बाजू लावत जायचा, चटका बसला की डबा बाजूला काढलाच. हॉट ॲक्सल म्हणतात त्याला, अजूनही.

१६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला गाडी सुटली तेव्हा रोलर बेअरिंग (ज्यात दांडा छोट्या रुळांवर फिरतो) नव्हतंच, ॲक्सल धातूच्या साध्या वाटीत फिरायचा. अमेरिकेतल्या आयझॅक बॅबिटने १८३९ मध्येच कथिल, अँटिमनी आणि तांब्याचा मऊ धातू काढलेला, पुढे अशा वाट्यांना त्याचंच अस्तर, कारागीर त्याला व्हाइट मेटल म्हणतात. बॉक्समध्ये तेलात भिजवलेलं कॉटन वेस्ट, म्हणजे टाकाऊ सुताचा गुंता. तेल आटलं की ते वेस्टच जळायचं, मग धूर आणि वास, म्हणजे निदान कळायचं तरी. तेल नेमकं करतं काय हे मात्र १८८६ ला कळलं, ब्रिटिश इंजिनिअर ऑस्बोर्न रेनॉल्ड्सने गणिताने दाखवलं की फिरणारा दांडा तेलाच्या थरावर अक्षरशः तरंगतो.

मग १८९८ ला अमेरिकेत हेन्री टिमकेनचं टेपर (निमुळत्या) रोलरच्या बेअरिंगचं पेटंट आलं, १९०७ ला एसकेएफ ही स्वीडनची बेअरिंग कंपनी सुरू झाली, आणि १९३० मध्ये टिमकेन कंपनीने सगळ्या चाकांना रोलर बेअरिंग लावलेलं अख्खं इंजिन बनवून घेऊन माणसांकडून हाताने ओढून दाखवलं.

पण रोलर आणि रेसच्या (रोलर जिच्यावर फिरतो त्या कडीच्या) मधला तेलाचा थर बहुतेक वेळा एक मायक्रॉनपेक्षाही, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागापेक्षाही, पातळ असतो, तो तुटला की लोखंडावर लोखंड घासतं, गरम होतं, मग उरलंसुरलं तेल अजून पातळ होतं, आतली रेस बाहेरच्यापेक्षा जास्त फुगते, क्लिअरन्स (मधली मोकळी जागा) संपतो, त्याने घर्षण अजून वाढतं आणि हे चक्र थांबतच नाही, शेवटी केज (रोलरना जागच्या जागी धरणारा सांगाडा) तुटतो आणि बेअरिंग जॅम. वेस्ट नाही म्हणून जळका वासही तसा येत नाही, सावध व्हायला वेळ कमी मिळतो, हेच मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

आणि ग्रीस कमी पडलं तरच असं होतं असं नाही हां. ठासून भरलं तरी ते आत घुसळत राहतं आणि तापतं. ७० अंशांच्या वर साधारण दर १५ अंशांना ग्रीसचं आयुष्य निम्मं होतं. त्यात आपल्याकडे पावसाळ्यात पाणी शिरलं की ग्रीस पांढरट पडतं, तेही बाद.

बाबांनी आणलेला एक जळका रोलर अजून आमच्या कपाटात आहे, जांभळा-निळा पडलेला. पोलादाला तो रंग ३०० अंशांच्या आसपास येतो.