डोमकळीच्या आत

ऑगस्टात पऱ्हाटीच्या तासातून फिरताना एखादं फूल उमलायचं सोडून गुलाबाच्या कळीसारखं मिटून बसलेलं दिसतं. आमच्याकडे तिला डोमकळी म्हणतात. पाकळ्या सोडवल्या की आत अळी असते. पुढे बोंडात शिरते ती हीच, गुलाबी बोंडअळी. एकदा आत गेली की फवारा तिच्यापर्यंत पोचत नाही.

२००२ साली बीटी कपाशी आली आणि ही अळी लोक जवळजवळ विसरले. मातीतल्या एका जिवाणूचं जनुक कपाशीत घातलेलं. त्याचं प्रथिन अळीच्या आतड्याला भोकं पाडतं. बैलाला आणि माणसाला त्याचं काही होत नाही, कारण ते प्रथिन ज्या खुंटीला अडकतं ती खुंटी आपल्या आतड्यात नाहीच. २००६ मध्ये दोन जनुकांचं वाण आलं. तरी २०१७ साली विदर्भात बोंडंच्या बोंडं किडली, वेचायला किडक्या कापसाची कवडीच उरली.

अळी शिकली, असं गावात म्हणतात. तसं नाही. वेगळ्या घडणीच्या खुंटीच्या थोड्या अळ्या आधीपासून असतात. बाकीच्या मेल्या आणि रान यांना मोकळं मिळालं. यावरचा उपाय बियाण्याच्या पाकिटासोबतच यायचा: साध्या कपाशीची पुडी. तिच्यावर वाढलेले साधे पतंग या चिवट पतंगांशी जुळले, तर पुढची पिढी बीटीनं मरते. कारण चिवटपणा आई आणि बाप दोघांकडून यावा लागतो. ती पुडी आम्ही धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, फेकली. मीसुद्धा. वर फरदड ठेवून, म्हणजे हंगाम संपल्यावरही पीक उभंच ठेवून, अळीची खानावळ उन्हाळ्यापर्यंत चालू ठेवली.

अमेरिकेच्या कपाशी पट्ट्यातून ही अळी संपल्याचं २०१८ मध्ये जाहीर झालं. बीटी तिथंही होती, पण जोडीला विमानांतून किरणोत्सारानं वांझ केलेले कोट्यवधी पतंग सोडले. त्यांच्याशी जुळलेल्या मादीची अंडी फुकट!

आपल्या तुकड्या-तुकड्यांच्या शेतीत विमान कुठून आणणार? पण मादीचा कृत्रिम गंध इथंही मिळतो. कामगंध सापळ्यात रोज आठ पतंग, असे सलग तीन दिवस सापडले की फवारणीची वेळ झाली. याच गंधाचे धागे झाडांना बांधले तर सगळं शिवार दरवळतं आणि नराला मादी सापडत नाही. मात्र हे एकट्याच्या दोन एकरांत चालत नाही. शेजारच्या वावरात फळलेली मादी रात्री धुरा ओलांडून येतेच.