बर्ड फ्लू घाट उतरून खाली कसा आला

जानेवारी २०२५ मध्ये उरण तालुक्यातल्या चिरनेरला कोंबड्या पटापट मरायला लागल्या, नमुने तपासले तर बर्ड फ्लू निघाला, आणि पार सावंतवाडीपर्यंतच्या फॅमिली ग्रुपवर एकच प्रश्न सुरू झाला, आता चिकन खायचं की नाय? चिरनेर म्हणजे १९३० च्या जंगल सत्याग्रहाचं गाव, नाव शाळेपासून ऐकलेलं. तिथे मेल्या त्या लोकांच्या परसातल्या कोंबड्या. मग नियमाप्रमाणे एक किलोमीटरच्या आतले सगळे पक्षी मारून पुरले, अंडी आणि खाद्यसुद्धा नष्ट केलं, दहा किलोमीटरच्या पट्ट्यावर नजर ठेवली. परसातल्या कोंबड्या हा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण कोकणात इतकी वर्षं सगळ्यांचा समज हाच होता की हा रोग पोल्ट्रीवाल्यांचा, म्हणजे घाटावरचा, आपल्याकडे काय त्याचं.

हा समज पक्का झाला २००६ ला. त्या फेब्रुवारीत नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला भारतातला पहिला बर्ड फ्लू सापडला. तिथे एकाला लागून एक असे पोल्ट्री फार्म. कोंबड्या आधीपासून मरत होत्या, पण मालक लोक म्हणत होते की ही राणीखेत आहे, म्हणजे कोंबड्यांचा नेहमीचा रोग, नेहमीची मर आहे, आणि प्राण्यांचे रोग तपासणाऱ्या भोपाळच्या सरकारी लॅबचा रिपोर्ट येईपर्यंत बरेच दिवस त्यातच गेले. मग पांढरे सूट घातलेली माणसं कोंबड्या पोत्यात भरतायत ती दृश्यं टीव्हीवर दिवसभर चालू, आणि लोकांच्या डोक्यात बर्ड फ्लू म्हटलं की आजही तेच चित्र येतं. पाठोपाठ जळगावलाही सापडला. माणसांचे नमुने पुण्याला एनआयव्हीत, म्हणजे राष्ट्रीय विषाणू संस्थेत गेले, त्यातला एकही पॉझिटिव्ह आला नाही, पण ही बातमी कोण वाचतो? रेल्वेने जेवणातून चिकन काढलं, चिकनचा भाव कोसळला आणि शेवटी पोल्ट्रीवाल्यांना फुकट चिकन वाटायचे मेळावे घ्यावे लागले. ते सगळं नेमकं शिमग्याच्या तोंडावर, म्हणजे चाकरमानी गावी यायच्या आणि कोंबडीवडे व्हायच्या दिवसात! चिकनवाला प्रत्येकाला सांगणार, "अवो काका, ह्यो माल कोल्हापूरचो, हयसर काय नाय", आणि काका मान हलवून मच्छी मार्केटकडे वळणार.

तसं बघितलं तर रोग जुना आहे. इटलीत १८७८ मध्येच कोंबड्यांच्या या साथीचं वर्णन झालं होतं, आणि तो इन्फ्लुएंझाचाच विषाणू आहे हे कळायला १९५५ उजाडलं. पण तोवर ती कोंबड्यांची गोष्ट होती. माणसं घाबरली ती १९९७ ला, हाँगकाँगमध्ये. आदल्या वर्षी चीनच्या ग्वांगडाँगमध्ये एका हंसात सापडलेला एच५एन१, म्हणजे बर्ड फ्लूच्या विषाणूचा एक प्रकार, तिथे १८ माणसांना झाला, त्यातली ६ गेली, पहिला बळी तीन वर्षांचा मुलगा. वर्ष संपता संपता तिथल्या सरकारने शहरातल्या सगळ्या, दहा लाखांहून जास्त कोंबड्या मारून टाकल्या. २००३ नंतर हा विषाणू आग्नेय आशियात पसरला, २००५ ला चीनच्या चिंगहाय तलावावर हजारो रानपक्षी मेले, आणि तेव्हापासून स्थलांतर करणाऱ्या पक्ष्यांवर बोट दाखवायची सुरुवात झाली. आपल्याकडे हर्णैला, गुहागरला थंडीत कुरव, म्हणजे सीगल येतात त्यांच्याकडेही लोक मग संशयाने बघायला लागले. रानपक्षी विषाणू लांब नेतात हे खरंच आहे, पण कोंबड्यांच्या गाड्या, पिंजरे, अंड्यांचे ट्रे आणि माणसांचे बूट यातूनही तो तितकाच फिरतो, आणि कुरवाला नावं ठेवणं सोपं पडतं एवढंच.

मध्ये २०२० चं प्रकरण झालं, ज्यात बर्ड फ्लूचा संबंधच नव्हता. कोरोना चिकनमधून येतो अशी अफवा व्हॉट्सअपवर सुटली, पोल्ट्रीतल्या जिवंत कोंबडीचा भाव इतका पडला की खाद्याचा खर्चही निघेना, बेळगावकडे तर एकाने हजारो पिल्लं खड्ड्यात पुरली. लखनौला म्हणे चिकनपेक्षा फणस महाग विकला जात होता, ते वाचून आमच्याकडे लोक हसले, कारण इथे फणस झाडाखाली कुजतो! पण या अफवेने एक नुकसान केलं, नंतर खरी बातमी आली तरी निम्मे लोक तिलाही अफवाच समजायला लागले.

आणि खरी बातमी वर्षभरातच आली. जानेवारी २०२१ मध्ये परभणीच्या मुरुंबा गावात आठशेच्या वर कोंबड्या मेल्या, आणि त्याच दिवसांत मुंबई, ठाणे आणि दापोलीला मेलेल्या कावळ्यांचे नमुने पॉझिटिव्ह आले. दापोली! तेव्हा पहिल्यांदा कोकणातल्या माणसाला कळलं की हा पाहुणा पोल्ट्रीच्या गाडीतूनच येतो असं नाही. कावळा तर आपल्या पिंडाला शिवणारा, कौलांवर बसणारा, तो टपटप पडायला लागला म्हटल्यावर लोक हादरले. पुढच्या वर्षी फेब्रुवारीत ठाणे जिल्ह्यात शहापूरजवळच्या वेहळोलीला कोंबड्यांमध्ये सापडला, आणि मग चिरनेर.

आता परसातलं बघा. सकाळी खुराडं उघडलं आणि एक कोंबडी आत मेलेली दिसली तर घरातलं माणूस काय करतं? पाय धरून उचलतं आणि व्हाळात, म्हणजे ओढ्यात, नाहीतर कंपाउंडच्या मागे फेकतं. तिथे कावळे येतात, कुत्री येतात, बाकीच्या कोंबड्याही तिथेच उकरत असतात. दोन-तीन मेल्या की राणीखेत आली म्हणायचं, आणि ते म्हणणं चुकीचंही नसतं, कारण मान वाकडी होणं, हिरवी विष्ठा ही राणीखेतची लक्षणं कोकणातल्या प्रत्येक म्हातारीला पाठ आहेत. बर्ड फ्लूत तुरा निळा-काळा पडतो, डोकं सुजतं, नाहीतर काहीच न दाखवता कोंबडी सरळ आडवी होते, पण नुसत्या डोळ्यांनी दोन्हीतला फरक सांगणं डॉक्टरलाही कठीण, त्याला लॅबच लागते. आणि लॅबपर्यंत नमुना जायचा तर आधी कोणीतरी फोन करायला हवा ना.

फोन कोण करणार? २०२१ ला मारलेल्या पक्ष्यांच्या नुकसानभरपाईचा दर अंडी देणाऱ्या मोठ्या कोंबडीला ९० रुपये आणि ब्रॉयलरला, म्हणजे मांसासाठी वाढवलेल्या कोंबडीला ७० रुपये होता. गावठी कोंबडा बाजारात पाचशेच्या खाली मिळतो का कुठे? राखणीला, म्हणजे गावच्या राखणदार देवाला सांगितलेला कोंबडा असेल तर त्याचा भाव वेगळाच. मग आजारी दिसणाऱ्या कोंबड्या लोक घाईघाईने कापतात, स्वस्तात विकतात नाहीतर पाहुण्याला देऊन टाकतात. हे सगळं लपवाछपवीच्या हेतूने होतं असं मी म्हणणार नाही, पण ९० रुपयांसाठी अख्ख्या वाडीची खुराडी रिकामी करायला कोण लावून घेईल?

माणसांचं म्हणाल तर, २००३ पासून जगभरात एच५एन१ ची नोंद हजाराच्या आसपास माणसांमध्ये झाली आणि त्यातली जवळपास निम्मी दगावली, आकडा भीतीदायकच आहे. पण बहुतेकांचा आजारी किंवा मेलेल्या पक्ष्यांशी थेट संबंध आलेला होता, कापणं, सोलणं, खुराडं झाडणं. विषाणूला पक्ष्यांच्या पेशींवर चिकटायची सवय, तशी जागा माणसात फुप्फुसात खोलवर आहे, नाका-घशात कमी, म्हणून एकाकडून दुसऱ्याला तो सहज जात नाही, निदान अजून तरी. भारतात एच५एन१ चा पहिला बळी २०२१ ला गेला, हरयाणाचा मुलगा, दिल्लीच्या एम्समध्ये. मार्च २०२५ मध्ये आंध्रात दोन वर्षांची मुलगी गेली, तिने कच्च्या चिकनचा तुकडा खाल्ला होता. नीट शिजवलेल्या रश्श्याने कोणाला झाल्याचं उदाहरण नाही, ७० अंशाच्या वर विषाणू टिकत नाही, आणि आपल्याकडे कोंबडी त्याच्या कितीतरी पुढे शिजते.

सध्या जास्त चर्चा प्राण्यांची आहे ती मात्र उगाच नाही. दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्यावर हजारो सी लायन, म्हणजे समुद्रसिंह मेले, मार्च २०२४ मध्ये हा विषाणू अमेरिकेत गाईंमध्ये सापडला, कच्च्या दुधातून तिथल्या गोठ्यांतली मांजरं मेली. आणि २०२४ च्या डिसेंबरात आपल्याच नागपूरला, गोरेवाड्याच्या वन्यप्राणी केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या दगावले, कच्च्या कोंबडीच्या मांसातून लागण झाली असावी असा संशय होता. कोकणात कोंबडी साफ करताना मांजरं पायात घोटाळत असतात आणि आतडी, मुंडकं त्यांच्यापुढे टाकायची जुनी पद्धत आहे. आजूबाजूला कोंबड्या मरत असतील तर ही पद्धत आधी बंद करा आणि मेलेली कोंबडी हाताला पिशवी गुंडाळून खोल खड्ड्यात चुना टाकून पुरा, पशुवैद्यकीय दवाखान्यात एक फोन करा, चिकन खायचं की नाय ते नंतर ठरवलं तरी चालेल.